पिवळ्या पडलेल्या रेझिनच्या बाहुलीला तिचा मूळ रंग परत मिळू शकतो का?

केतकीवन

नमस्कार. माझ्याकडे साधारण ६० सेंटिमीटर उंचीची, पांढऱ्या छटेच्या रेझिनमध्ये ओतलेली सांध्यांची बाहुली आहे. ती माझ्याकडे दुसऱ्या संग्राहकाकडून आली, त्यामुळे तिची आधीची वर्षे कोणत्या प्रकाशात गेली हे मला माहीत नाही. विग उतरवून कवटीचे झाकण उघडले की आतला भाग आजही पांढराशुभ्र दिसतो. चेहरा आणि हाताचे पंजे मात्र पिवळट झाले आहेत, आणि कपड्यांखाली राहिलेले धड या दोन्ही रंगांच्या मध्ये कुठेतरी आहे. एकूण फिकेपणापेक्षा हा विसंगत रंग मला अधिक खटकतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडने असे प्लास्टिक पांढरे होते असे वाचले आहे, आणि पॉलिश पेपरने घासून वरचा थर काढावा असेही वाचले आहे. आपल्यापैकी ज्यांनी यातले काही केले असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. जुन्या बाहुलीच्या बाबतीत असे काही करावे की करू नये, याविषयीची मतेही मला ऐकायची आहेत.

अबोली

केतकीताई, उपायाकडे वळण्याआधी नेमके पिवळे काय झाले आहे ते तपासा. चेहऱ्यावरच्या रंगकामाच्या, म्हणजे फेसअपच्या, वर सीलरचा, म्हणजे रंग जपणाऱ्या पारदर्शक फवाऱ्याचा, थर असतो आणि काही सीलर स्वतःच कालांतराने पिवळे पडतात. धुराचा थर बसला असेल तर तोही पिवळट दिसतो, पण तो साबणाच्या कोमट पाण्याने निघतो. गडद कपड्यांचा रंग उतरून पडलेले डाग हा तिसरा प्रकार, आणि ते बहुधा कपड्यांच्या शिवणीच्या रेषेत सापडतात. जुना फेसअप काढून टाकण्याची आपली तयारी असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने तो पुसा आणि मग पुन्हा पाहा. ॲसिटोन मात्र वापरू नका, त्याने रेझिनचा पृष्ठभाग खराब होतो.

रसायनी

अबोलीताईंनी सुचवलेला क्रम योग्य आहे. सीलर निघाल्यावरही पिवळेपणा राहिला तर तो रेझिनचाच आहे असे समजावे, आणि त्यामागचे कारण समजून घेतले की कोणते उपाय व्यर्थ आहेत हेही आपोआप कळते.

या बाहुल्या ज्या रेझिनच्या ओततात ते पॉलियुरेथेन असते. दोन द्रव मिसळून ते तयार होते आणि त्यांपैकी एकात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ओतकामासाठी बहुतेक वेळा ॲरोमॅटिक आयसोसायनेट वापरतात, कारण ते लवकर घट्ट होते आणि तुलनेने स्वस्त पडते. त्याच्या रेणूमध्ये दोन बेंझिन कड्यांना जोडणारा एक लहानसा दुवा असतो. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या एकत्रित परिणामाने हा दुवा बदलतो आणि क्विनोन-इमाइड प्रकारची रचना तयार होते. ही रचना निळा प्रकाश शोषते, आणि परावर्तित प्रकाशातून निळा वजा झाला की आपल्याला पिवळा दिसतो. ॲलिफॅटिक आयसोसायनेटमध्ये ह्या कड्याच नसतात, म्हणून ते प्रकाशात बरेच टिकते, पण ते महाग असते आणि सावकाश घट्ट होते.

म्हणजेच हा पिवळेपणा वरून बसलेला मळ नाही, तो पदार्थातच झालेला बदल आहे. त्यामुळे त्याला ‘धुऊन काढणे’ शक्य नाही. दिलासा एवढाच की अतिनील किरण फार खोल जात नाहीत आणि ऑक्सिजनही आत सावकाश मुरतो, म्हणून बदललेला थर साधारणतः मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकाच असतो. कवटीच्या आतला पांढरा रंग हेच सांगतो आहे.

अंधारात ठेवलेली बाहुलीही थोडी पिवळी पडते. उष्णता हे त्याचे एक कारण. हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि काही प्रकारच्या फोममधून व प्लास्टिकच्या वेष्टनांतून बाहेर येणारे बीएचटीसारखे (प्लास्टिक टिकावे म्हणून त्यात मिसळलेले) पदार्थ हेही त्याला हातभार लावतात. धड अर्धवट पिवळे का, याचे उत्तर यात आणि पातळ कपड्यांतून झिरपणाऱ्या प्रकाशात मिळते.

निळीशाई

हायड्रोजन पेरॉक्साइडला इतक्या लवकर बाद करू नये असे मला वाटते. जुन्या संगणकांचे पिवळे पडलेले सांगाडे पुन्हा पांढरे करण्याची पद्धत २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या चाहत्यांनी विकसित केली आणि ती आजही वापरली जाते. पेरॉक्साइडचा द्रव किंवा केस रंगवण्यासाठी मिळणारी क्रीम लावून वस्तू उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवतात. फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. एक प्लास्टिक त्याने सुधारते, तर दुसऱ्यावर निदान करून पाहायला काय हरकत आहे?

रसायनी

निळीशाई, हरकत दोन कारणांनी आहे. संगणकांचे ते सांगाडे एबीएस प्लास्टिकचे असतात आणि त्यांचा पिवळेपणा वेगळ्या रासायनिक बदलांतून येतो, म्हणून तिथला यशस्वी उपाय इथे तसाच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या पद्धतीत पेरॉक्साइडला चालना देण्यासाठी अतिनील प्रकाश लागतो, आणि आपल्या बाहुलीचे नुकसान ज्याने केले तो हाच प्रकाश. ज्या कारणाने रंग गेला त्याच कारणाच्या हवाली बाहुलीला पुन्हा करणे मला पटत नाही. शिवाय एबीएसवरसुद्धा पिवळेपणा पुढे परत आल्याचे अनेकांनी नोंदवले आहे.

निळीशाई

आपला मुद्दा योग्य आहे, विशेषतः दुसरा. माझ्याकडे एका मोडलेल्या बाहुलीचा सुटा पंजा आहे. त्यावर मी क्रीम लावून पाहिली तेव्हा पंजाची पाठ उजळली, पण बोटांच्या मधल्या खाचा तशाच राहिल्या आणि क्रीम जिथे लवकर सुकली तिथे ठिपके उठले. सपाट सांगाड्यावर सारखा थर देता येतो, पण कानाच्या पाळीवर किंवा ओठांच्या कोपऱ्यात तो कसा द्यायचा? तेव्हा संपूर्ण बाहुलीवर हा उपाय करा असा आग्रह मी धरणार नाही.

कारागीर

माझ्या अनुभवाने, रेझिनचा मूळ रंग खरोखर परत दिसावा असे वाटत असेल तर घासकाम हा एकच मार्ग आहे. रंग ओततानाच रेझिनमध्ये मिसळलेला असल्याने वरचा बदललेला थर काढला की खाली तोच पहिला रंग मिळतो. पण हे काम धीराचे आहे, आणि ते सुरक्षितपणेच केले पाहिजे.

सर्वप्रथम बाहुली पूर्ण सुटी करा. इलॅस्टिकच्या दोऱ्या आकड्यांवरून उतरवताना एकाने अवयव धरावा आणि दुसऱ्याने आकडा सोडवावा. डोळे आणि त्यांच्यामागची पुट्टी काढा. लोहचुंबक सुटे होत असतील तर तेही काढून ठेवा. डावे-उजवे भाग वेगळ्या खुणा केलेल्या पिशव्यांत ठेवले की जोडताना गोंधळ होत नाही. नंतर सर्व भाग कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, म्हणजे मळ घासून आत जिरवला जाणार नाही.

घासणे नेहमी पाण्याखालीच करावे. रेझिनची कोरडी धूळ फार बारीक असते आणि ती फुप्फुसांत जाणे अत्यंत अपायकारक आहे. पाणी वापरत असलात तरी एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क घाला, कारण कपड्यांवर आणि टेबलावर उडालेले थेंब सुकले की तीच धूळ हवेत येते. भांड्यातला गाळ मोरीत न ओतता तळाशी बसू द्या, पाणी निथळून घ्या आणि गाळ कागदात गुंडाळून टाका.

वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, ६०० क्रमांकापासून सुरू करावा आणि ८०० व १००० पर्यंत जावे. ४०० क्रमांक फक्त ओतकामाच्या उभ्या सांधरेषांसाठी किंवा पिवळेपणा फारच खोल असेल तर घ्यावा. लहान लहान गोलाकार हालचालींनी, हलक्या हाताने, संपूर्ण भाग सारखा घासावा. एकाच जागी रेंगाळलो की तिथे खळगा पडतो आणि तो पुढे सावलीत उठून दिसतो. ओले रेझिन नेहमी गडद दिसते, त्यामुळे रंगाचा अंदाज भाग पूर्ण सुकल्यावरच घ्यावा. कवटीच्या झाकणाची आतली बाजू शेजारी ठेवून तुलना करत राहिलात तर कुठे थांबायचे ते समजते. बोटांच्या मध्ये कागदाच्या अरुंद पट्ट्या ओढाव्यात, आणि नखांच्या कडांसाठी लाकडी काडीच्या टोकाला कागद चिकटवून घ्यावा.

१००० च्या फार पुढे जाऊ नका. पृष्ठभाग अतिगुळगुळीत झाला की तो चमकतो आणि त्यावर पेस्टलची भुकटी धरत नाही.

शांतपाऊल

कारागीर यांनी पद्धत फार नेमकेपणाने लिहिली आहे आणि हातापायांच्या बाबतीत माझे काहीही दुमत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र मी केतकीताईंना थांबण्याची कळकळीची विनंती करेन.

या बाहुल्यांचा चेहरा शिल्पकाराने घडवलेला असतो, आणि त्याचे सारे वैशिष्ट्य अतिशय बारीक उंचवट्यांत साठलेले असते. वरच्या पापणीची धारदार कड, नाकपुडीभोवतीचा वळसा, वरच्या ओठाच्या मधोमध असलेला तो लहानसा उंचवटा, यांतले काहीही पुन्हा निर्माण करता येत नाही. सपाट गालावरून जेवढा थर निघेल तेवढाच पापणीच्या कडेवरून निघाला तर गालाला काही होत नाही, पण पापणीची धार बोथट होते. बाहुली एकदम झोपाळू किंवा भोळसट दिसू लागते आणि असे का झाले हे पाहणाऱ्याला कळतही नाही. उलट त्या कडा टाळून फक्त गाल आणि कपाळ घासले तर पापण्या आणि ओठ पिवळे आणि बाकीचा चेहरा पांढरा राहतो, आणि ज्या विसंगतीविषयी ताईंची तक्रार आहे तीच चेहऱ्याच्या आत येऊन बसते.

सांध्यांचाही विचार व्हावा. गुडघ्याचा गोळा आणि त्याची खोबण एकमेकांना घट्ट बसतात, म्हणूनच बाहुली उभी राहते. ते घासले की सांधा सैल होतो. तो प्रश्न खोबणीत चामड्याचे पातळ अस्तर लावून सोडवता येतो हे मला माहीत आहे, पण मुळात गोळ्यांवरचा रंग उभ्या बाहुलीत फारसा दिसत नाही, तर तो का घासावा?

आणि वयाविषयी एक मत नोंदवते. जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ मध्ये सुपर डॉल्फी आणली, आणि मोठ्या आकाराच्या रेझिन बाहुल्यांचा हा छंद तिथून पसरला. म्हणजे या परंपरेतल्या सर्वांत जुन्या बाहुल्यांनाही अजून तीन दशके झालेली नाहीत. त्या पुढे अनेक वर्षे टिकाव्यात असे आपल्याला वाटते. दर काही वर्षांनी एक थर काढत राहिलो तर त्या चेहऱ्यातले काय उरेल, याचा विचार आजच्या मालकाने केला पाहिजे.

कारागीर

शांतपाऊलताई, पापण्यांविषयी आपण लिहिलेले पूर्णपणे मान्य आहे. सांध्यांचे गोळे मीही घासत नाही, ते लिहायचे राहून गेले होते. फक्त एका गोष्टीवर माझे मत वेगळे आहे. ८०० आणि १००० क्रमांकाच्या मऊ घासस्पंजने, कडांवर जवळजवळ दाब न देता काम केले तर चेहऱ्याचा पिवळेपणा पूर्ण नाही तरी निम्म्याने कमी करता येतो आणि आकार शाबूत राहतो. प्रत्येक चेहऱ्याला हे जमेलच असे नाही. ज्या चेहऱ्यावर पापण्यांची कड फार पातळ ओतली आहे त्याला मीही हात लावणार नाही.

तांबडफुटी

मी सावळ्या छटेच्या बाहुलीची मालकीण आहे. गडद रेझिनमध्ये पिवळेपणाबरोबर मिसळलेला रंगही उडतो, त्यामुळे ती कधी हिरवट तर कधी राखाडी दिसू लागते. घासल्यावर काही ठिकाणी आतला रंग ढगाळ, असमान निघतो. गडद बाहुली असलेल्या वाचकांनी आधी मानेच्या आतल्या कडेवर करून पाहावे.

सूक्ष्मरेषा

घासणे आणि न घासणे यांच्या मधला एक मार्ग अजून कोणी मांडला नाही, आणि मी वर्षानुवर्षे बाहुल्यांचे चेहरे रंगवत असल्यामुळे मला तो सर्वांत जवळचा वाटतो. तो म्हणजे रंगाने रंगाचा तोल साधणे.

पिवळ्याच्या समोरचा रंग जांभळट निळा. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा लपवण्यासाठी त्यांना नीळ देतात ते याच तत्त्वाने. सीलरचा पहिला थर सुकल्यावर फिक्या जांभळ्या पेस्टलची अगदी पुसट भुकटी मऊ ब्रशने चेहऱ्याच्या कडांवर, हनुवटीखाली आणि कपाळाच्या वरच्या भागात फिरवली तर पिवळी झाक दबते. मात्र त्याने बाहुली उजळ होत नाही, किंचित करडी होते, म्हणून हात फार आखडता ठेवावा लागतो. त्यानंतर गालांवर आणि ओठांवर गार गुलाबीऐवजी उबदार रंग घेतले की उरलेली पिवळसर झाक मुद्दाम निवडल्यासारखी वाटते. हातांवर, कोपरांवर आणि गुडघ्यांवर त्याच रंगाची हलकी लाली दिली की चेहरा आणि शरीर यांतला फरक पुष्कळ कमी जाणवतो.

कापड रंगवण्याचे काही रंग गरम पाण्यात रेझिनमध्येही शिरतात, आणि त्यांचा वापर करून संपूर्ण शरीर चेहऱ्याच्या छटेपर्यंत आणता येते. पण रंगवलेले रेझिन केवळ गडद होऊ शकते, उजळ कधीच नाही, आणि ते परतवणे म्हणजे पुन्हा घासणेच. शिवाय गरम पाण्याने रेझिन मऊ पडते आणि लांब, पातळ भाग वाकू शकतात. पेस्टलचे काम आवडले नाही तर पुसून टाकता येते, यातच त्याचे मोठे मोल आहे.

जुनाखेळगडी

एक पुरवणी माहिती, कारण असे धागे वाचून लोक घरातल्या इतर जुन्या बाहुल्यांवरही हेच उपाय करतात. व्हिनाइलच्या बाहुलीचा पिवळेपणा निराळा असतो. तो पीव्हीसीच्या विघटनातून येतो, आणि बाहुली चिकट लागत असेल तर तिला मऊ ठेवणारा पदार्थ बाहेर झिरपत असतो. तिला घासून उपयोग नाही. सेल्युलॉइडच्या बाहुल्यांबाबत तर अधिकच सांभाळावे लागते. ते नायट्रोसेल्युलोज असते, सहज पेट घेते, आणि विघटन सुरू झाले की त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या वस्तूंनाही खराब करते. अशी बाहुली रेझिनच्या बाहुलीबरोबर एकाच बंद कपाटात कधीही ठेवू नये.

अबोली

आता प्रतिबंधाविषयीही लिहू या, कारण कोणताही उपाय केला तरी रेझिन तेच राहणार आहे आणि ते पुन्हा पिवळे पडणारच आहे. खिडकीची काच अतिनील किरण अडवते असा समज अनेकांचा असतो, पण साधी काच त्यांतला यूव्ही-बी हा भागच प्रामुख्याने थांबवते. यूव्ही-ए मोठ्या प्रमाणात आत येतो. काचेचे कपाट खिडकीसमोर असेल तर त्यावर अतिनीलरोधक फिल्म लावावी, किंवा कपाटाची जागाच बदलावी. कपाटात एलईडी दिवा असावा, कारण साध्या पांढऱ्या एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ निघतच नाहीत. संग्रहालयांमध्ये प्रकाशाने लवकर बिघडणाऱ्या वस्तूंसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात आणि अतिनील किरण दर ल्युमेनमागे ७५ मायक्रोवॉटच्या वर जाऊ देत नाहीत. घरात एवढे काटेकोर मोजमाप करणे शक्य नसते, परंतु दिवे केवळ पाहताना लावणे प्रत्येकाला जमते.

निळीशाई

अबोलीताईंचा प्रतिसाद वाचताच उठून पडदा ओढला. माझ्या तिन्ही बाहुल्यांच्या वतीने आपले आभार!

केतकीवन

सर्वांचे मनापासून आभार. सल्ल्याप्रमाणे जुना फेसअप आणि सीलर अल्कोहोलने काढला. चेहरा थोडा उजळला, म्हणजे काही पिवळेपणा सीलरचा होता, पण बराचसा रेझिनचाच आहे. ढगाळ उजेडात पांढरा कागद शेजारी ठेवून छायाचित्रे घेतली तेव्हा फरक नीट कळला. घरातल्या दिव्याखाली तो मला कमी वाटत होता.

चेहऱ्यावरच्या पापण्या फार पातळ आहेत, त्यामुळे शांतपाऊलताईंचे म्हणणे मी मान्य करत आहे आणि चेहरा घासणार नाही. पंजे मात्र घासणार आहे, पण कवटीच्या आतल्या रंगापर्यंत न नेता चेहऱ्याच्या छटेला जुळतील इतपतच. उरलेला तोल सूक्ष्मरेषाताईंनी सांगितल्याप्रमाणे रंगाने साधायचा विचार आहे. एक शंका राहते. अतिनील किरण अडवणारा सीलर लावला तर पिवळेपणा थांबेल का?

रसायनी

थांबणार नाही, त्याचा वेग कमी होईल. सीलरमधला शोषक पदार्थ अतिनील किरणांचा काही भाग अडवतो, पण थर अतिशय पातळ असतो आणि उष्णतेवर किंवा हवेतल्या वायूंवर त्याचा उपाय चालत नाही. तरीही चेहऱ्याला तो अवश्य द्यावा. पंजे चेहऱ्याइतकेच उघडे राहतात, म्हणून त्यांनाही द्यावा, नाहीतर आज जुळवलेल्या छटा पुन्हा वेगळ्या होत जातील.

सूक्ष्मरेषा

रसायनी यांच्याशी सहमत आहे. मिस्टर सुपर क्लिअरचा अतिनीलरोधक मॅट प्रकार या कामासाठी छंदात सर्वत्र वापरला जातो. तो फवारताना दोन गोष्टी सांभाळा. त्यात तीव्र द्रावक असतात, त्यामुळे काम मोकळ्या हवेत करा आणि सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क घाला. घासकामाचा एन ९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. दुसरे म्हणजे हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी फवारू नका, कारण थरात ओलावा अडकून चेहऱ्यावर पांढुरका धूसरपणा येतो.

डबा हातभर अंतरावर धरून, हात सतत हलता ठेवून पातळ थर द्या आणि प्रत्येक थर पूर्ण सुकू द्या. सांध्यांच्या गोळ्यांवर फवारा जाऊ नये म्हणून मनगटाचा भाग कागदी टेपने झाकून घ्या, नाहीतर जोडल्यावर तिथला थर खरवडून निघतो.

कारागीर

केतकीताई, पंजांना सुरुवात करताना आधी तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी एक लहान जागा घासून, सुकवून चेहऱ्याजवळ धरून पाहा. छटा जुळेपर्यंत किती वेळ आणि किती दाब लागतो हे तिथे कळले की दोन्ही हात सारखे होतील.